सात वर्षांनंतर प्रवाशाच्या जिवाला किंमत नाही काय?

ज्या कायद्याने खासगी मोटारीला 15 वर्षे रस्त्यावर धावण्याचा परवाना दिला, त्याच कायद्याखालच्या नियमांनी सक्तीच्या रिकॉलची जबाबदारी 7 वर्षांत संपवली आहे. पुढच्या वर्षांत त्या गाडीत बसणारी माणसे नव्हेत काय? 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याची, म्हणजे रिकॉलची, तरतूद आली, 2021 मध्ये नियम आले, आणि त्या नियमांत ही सात वर्षांची पळवाट ठेवली गेली. आम्ही तिचा धिक्कार करतो, कारण एअरबॅगमधला सर्वांत भयंकर दोष गाडी जुनी झाल्यावरच डोके वर काढतो.

डाव्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या आत नुसती कापडी पिशवी नसते. तिच्यामागे धातूच्या डबीत, म्हणजे इन्फ्लेटरमध्ये, स्फोटक द्रव्य असते. ताकाता या जपानी कंपनीने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले आणि कोट्यवधी डब्यांत ओलावा शोषणारे द्रव्य घातलेच नाही. वर्षानुवर्षे दमट हवा मुरत गेली, दिवसाचे तापणे आणि रात्रीचे निवणे चालू राहिले, की त्या द्रव्याच्या वड्या ठिसूळ होतात. मग धडक बसताच ते भसकन पेटते, डबीच फुटते आणि धातूचे तुकडे समोरच्या माणसाच्या गळ्यात, चेहऱ्यात घुसतात. काळ, ओलावा आणि तापमानाचा चढउतार ही कारणे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने 2016 मध्येच जाहीर केली. जगभर दहा कोटींहून अधिक इन्फ्लेटर परत बोलवावे लागले. 2017 मध्ये ताकाताने अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी दिवाळे काढले. तिथे सर्वाधिक धोका फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट किनाऱ्यावर ठरला. मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले, पणजी यांची हवा त्याहून कोरडी आहे असे कोणी म्हणेल काय?

भारतातही होंडासह काही कंपन्यांनी असे इन्फ्लेटर मोफत बदलून देण्यासाठी गाड्या बोलावल्या. पण गाडी दोनदा विकली गेली, पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले पत्र रद्दीत पडले, आणि तिसऱ्या मालकाची लेक रोज त्या डबीसमोर बसून कॉलेजला जाते. प्रत्येक जुन्या गाडीत ताकाताचीच एअरबॅग असते असे नाही. पण आपल्या गाडीत कोणती आहे, हे किती मालकांनी विचारले?

त्याहून संताप येतो तो गॅरेजांतल्या फसवणुकीचा. अपघातात उघडलेली एअरबॅग बदलायची सोडून तिच्या जागी रेझिस्टर जोडायचा, म्हणजे डॅशबोर्डवरचा दिवा विझतो, आणि रिकाम्या खोबणीवर नवे झाकण बसवून गाडी विकायची! हा मनुष्यवधाचा प्रयत्न आहे आणि त्यावर तसाच खटला चालला पाहिजे. भंगारातली एअरबॅग स्वस्तात बसवून घेणारा मालकही आमच्या लेखी निर्दोष नाही. ती किती पावसाळे कुठे पडून होती, हे विकणाराही सांगू शकत नाही.

एअरबॅग बदलणे हे घरच्या अंगणात पाना घेऊन करण्याचे काम मुळीच नव्हे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्यावरही एअरबॅगच्या कंट्रोल युनिटच्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहते, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबल्याशिवाय एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नसतो. इन्फ्लेटरच्या टोकांना मल्टिमीटर लावला तर इन्फ्लेटर हातातच उडू शकतो. काढलेली एअरबॅग, तिची उघडणारी बाजू अंगापासून दूर धरून न्यावी आणि टेबलावर तीच बाजू वर करून ठेवावी. उलटी ठेवली आणि उडाली तर ती छताला जाऊन आदळेल. नवा भाग त्याच मॉडेलचा, कंपनीचा आणि सीलबंद हवा. काम झाल्यावर चावी फिरवताच एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर गाडी ताब्यात घेऊ नका.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सात वर्षांची ती अट खोडावी. मालकी बदलताना आणि 15 वर्षांनी पुनर्नोंदणी करताना, चासी नंबरवरून रिकॉल बाकी नसल्याची खात्री झाल्याशिवाय आरटीओने कागदावर शिक्का मारू नये. मालकांनी तोवर थांबू नये. चासी नंबर घेऊन आजच अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, आणि रिकॉल बाकी निघाले तर इन्फ्लेटर बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.