दूध न सोसणारे बाळ

घरातल्या बाळाला दूध सोसत नाही असे एखाद्या सुनेने सांगितले, की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया उमटते ती अविश्वासाची. उष्टावणाच्या खिरीपासून देवाच्या पंचामृतापर्यंत आणि आजारातून उठलेल्या माणसाच्या पथ्यापासून रात्री निजण्यापूर्वीच्या पेल्यापर्यंत दुधावाचून ज्यांचे पान हलत नाही, त्यांना दूधच लेकराला अपाय करते हे पटावे तरी कसे? मग सुनेच्या शिक्षणाला दोष दिला जातो, दूधवाल्याच्या पाण्याला दिला जातो, अगदी दृष्ट लागल्याचाही संशय घेतला जातो. आणि या सगळ्यात जो बोलू शकत नाही तो जीव मात्र सोसत राहतो.

आमच्या परिचयातील फोंडा तालुक्यातल्या एका कुटुंबात हेच घडले. दीड वर्षाचा मुलगा. वरचे दूध सुरू झाल्यापासून अंगावर गांधी उठत, ओकाऱ्या होत, शौचात कधी रक्ताचा अंश दिसे. आजीने बकरीचे दूध सुचविले, ते झाले. मामाने गावठी गाईचे आणले, तेही झाले. शेजाऱ्यांनी बदाम वाटून त्याचे पाणी पाजण्यास सांगितले, आणि शेवटी सर्वांनी मिळून नारळाच्या रसावर भिस्त ठेवली. सल्ला देणाऱ्यांपैकी प्रत्येकाचे त्या मुलावर जिवापाड प्रेम होते. चार महिन्यांत मुलाचे वजन तसूभरही वाढले नाही. हा प्रसंग एका घरापुरता असता तर आम्ही त्यासाठी ही जागा खर्ची घातली नसती.

पहिला घोळ नावातच आहे. ‘दूध सोसत नाही’ या एकाच वाक्प्रचाराखाली आपण दोन निरनिराळे विकार कोंबतो. एकात दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचविणारे लॅक्टेज हे पाचकद्रव्य आतड्यात कमी पडते. पोट फुगते, वारा धरतो, पातळ शौचास होते. दुसऱ्यात दुधातील प्रथिनांनाच शरीर शत्रू समजून त्यांच्याशी झुंजू लागते. गांधी, इसब, ओकारी, रक्तमिश्रित शौच ही त्याची लक्षणे, आणि क्वचित ओठ सुजून श्वास कोंडण्यापर्यंत मजल जाते. पहिला प्रकार मोठ्या माणसांत आपल्या देशात पुष्कळ आढळतो. लहान मुलांत मात्र तो बहुधा जुलाबाच्या आजारानंतर तात्पुरता उद्भवतो आणि काही आठवड्यांत निवळतो. अशा मुलाला दही अनेकदा मानवते. दुसऱ्या प्रकारात दही, ताक, पनीर, खवा यांतले काहीच चालत नाही, कारण विरजणाने साखर घटते, प्रथिने नाहीशी होत नाहीत. तूपदेखील निर्धोक मानता येत नाही, कारण त्यात प्रथिनांचा अंश उरू शकतो. तेव्हा मुलाला नेमके काय झाले आहे हे कळण्यापूर्वी पर्यायांची चर्चा करणे म्हणजे पत्ता न विचारता बसमध्ये चढण्यासारखे आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन ते चार आठवडे दूध संपूर्ण बंद ठेवून, पुन्हा जपून देऊन पाहणे, हाच निदानाचा भरवशाचा मार्ग होय. आणि ज्याला पूर्वी श्वासाचा त्रास झाला असेल त्याच्यावर तर हा प्रयोग घरी मुळीच करू नये.

आता बकरीच्या दुधाविषयी. ते हलके असते, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु बकरी, म्हैस आणि गाय यांच्या दुधातील प्रथिने इतकी सारखी असतात, की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना बकरीचेही दूध बाधते. गाय गावठी की विलायती, हा वाद राजकारणात आणि बाजारात कितीही रंगो, या मुलांच्या बाबतीत तो निरर्थक आहे. ‘ए टू’ म्हणून चढ्या भावाने विकले जाणारे दूधही त्यांना तितकेच वर्ज्य.

मग नारळ? आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांना या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच यावे असे मनापासून वाटते. परसात माड, घरात किसणी आणि हातात पिढीजात कसब असता डब्यातले कशाला शोधावे? पण ममतेने अन्नातले गुण बदलत नाहीत. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे 120 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि तीन ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. नारळाच्या रसात मेद भरपूर, परंतु कॅल्शियम त्या मानाने नगण्य आणि प्रथिनेही थोडी. तो स्वयंपाकात जरूर असावा, दुधाच्या पेल्याची जागा त्याला देऊ नये. बदामाचे पाणी आणि पेजेची निवळ यांची कथा याहून केविलवाणी. 2001 साली अमेरिकेतील बालरोगशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध झाली होती. दुधाऐवजी तांदळाच्या पेयावर वाढविलेल्या एकाला प्रथिनांच्या अभावाने सूज आणणारा क्वाशिओरकर जडला होता, तर जीवनसत्त्व ‘ड’ व कॅल्शियम न घातलेल्या सोयापेयावरच्या दुसऱ्याला मुडदूस. पहिल्याचे आईबाप सुशिक्षित आणि दक्ष होते, हे त्यात मुद्दाम नोंदविले आहे. दुष्काळात दिसणारा रोग सुखवस्तू घरात शिरू शकतो तो असा.

पाजायचे तरी काय, असा प्रश्न आता वाचक करतील. आईचे दूध चालू असेल तर ते थांबवू नये. दोन वर्षे आणि त्यापुढेही ते चालू ठेवावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहेच. त्यातूनही मुलाला बाधत असेल तर आईने स्वतःच्या आहारातून दूध वगळायचे की काय, हे डॉक्टरांनी ठरवावे. वरच्या दुधावरील मुलांसाठी प्रथिनांचे बारीक तुकडे करून तयार केलेली खास भुकटी मिळते, आणि तीही न मानवल्यास त्याहून पुढची, अमिनो आम्लांची. सोयाची शिशुभुकटी काहींना चालते. सहा महिन्यांखालील बाळांना ती सहसा देत नाहीत, आणि दुधाची ॲलर्जी असलेल्यांपैकी काही मुलांना सोयाही बाधतो.

वर्षापुढचे मूल चार घास खाऊ लागले, की मात्र आपले स्वयंपाकघर मदतीला धावून येते, आणि येथे आम्हांला हायसे वाटते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. मोड आणून दळलेल्या नाचणीतून ते शरीराला अधिक लागते, हे आपल्या आज्यांना कुठल्या प्रयोगशाळेने शिकविले नव्हते. नाचणीची तिझन गुळात आणि नारळाच्या रसात शिजविली तर रसाला त्याचे योग्य स्थानही मिळते. तरीही हिशेब करून पाहावा: एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी 500 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, आणि मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, नाचणीतून शंभराच्या आसपासच मिळते. म्हणून जोडीला मूग-चवळीचे कढण, वाटलेले तीळ, अंडे, काटे नीट काढलेली मासळी असा फेर हवा. यांतलीही नवी वस्तू एकेक करून, थोडी थोडी द्यावी, कारण अंडे, मासे आणि तीळ काहींना बाधतात. जी घरे शाकाहारी आहेत त्यांनी विशेष सावध राहावे. त्यांच्या ताटातून दूध गेले की ब-12 जीवनसत्त्वाचा मुख्य आधारच जातो, आणि ती उणीव औषधावाचून भरून निघणे कठीण.

बाजाराविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून ‘यात काही नाही’ असे समजणारे पालक आम्ही पाहिले आहेत. तो ठिपका शाकाहाराचा आहे. दूध शाकाहारातच मोडते. बिस्किटात, पावात, शेवेत दुधाची भुकटी असू शकते, आणि 2020 च्या नियमांनुसार तिचा उल्लेख वेष्टनावर करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. बारीक अक्षरांत का होईना, तो शोधावा. वनस्पतिजन्य पेयांना ‘दूध’ म्हणण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये हरकत घेतली, तेव्हा ती दुग्धव्यवसायाची तळी उचलणे होय अशी टीका झाली. असेलही, परंतु ‘दूध’ या शब्दाच्या भरवशावर बदामाचे पाणी मुलाला पाजणाऱ्या आईचा विचार केला तर ती हरकत आम्हांला गैर वाटत नाही.

सरकारकडे आमचे मागणे मोठे नाही. खास भुकटीचा डबा साध्या डब्याच्या कित्येक पट महाग असतो. खाजनात किंवा रापणीवर राबणाऱ्या कुटुंबाने तो महिनोन्‌महिने आणावा कुठून? ज्या मुलाचे निदान सरकारी इस्पितळात पक्के झाले आहे त्याला तो औषध समजून दिला जावा, टॉनिक समजून नाकारला जाऊ नये. अशी मुले फार नाहीत, आणि त्यांतली बहुतेक शाळेत जाण्याच्या वयापर्यंत किंवा पुढे काही वर्षांत या विकारातून बाहेर पडतात. तेव्हा हा खर्च जन्मभराचाही नाही. अंगणवाडीच्या नोंदवहीत मुलाच्या नावापुढे ‘दूध वर्ज्य’ एवढे दोन शब्द लिहिण्यास तर तिजोरीला हातही लावावा लागत नाही. प्राथमिक आरोग्यकेंद्रातील परिचारिकांना दोन विकारांतील भेद एकदा नीट समजावून दिला, तर बकरीच्या शोधात हिंडणाऱ्या कितीतरी आयांचे महिने वाचतील.

फोंड्याच्या त्या मुलाचे निदान अखेर झाले आणि आता त्याचे वजन वाढू लागले आहे. गेल्या चतुर्थीला पंचामृताची पळी त्याच्यापर्यंत आली, तेव्हा आजीनेच ती बाजूला सारली आणि तुळशीचे पान घातलेले पाणी त्याच्या तळहातावर घातले.