क्रमांकाची अदलाबदल: घरगुती सोय की सार्वजनिक फसवणूक?

एका घरात दोन मोटारसायकली असणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. एक वडिलांच्या काळातली, दुसरी मुलाने नोकरी लागल्यावर हप्त्यांवर घेतलेली. जुन्या गाडीचा विमा संपून सहा महिने झाले आहेत आणि पीयूसीचे प्रमाणपत्र कुठल्या कपाटात आहे हे कोणालाच आठवत नाही. नव्या गाडीची कागदपत्रे चोख, पण नेमकी तीच आज गॅरेजमध्ये उभी आहे. धाकट्याला तालुक्याच्या गावी जायचे आहे आणि नाक्यावर पोलीस अडवतील अशी धास्ती वाटते. मग घरातलाच कोणी सुचवतो, ‘अरे, दोन्ही गाड्या आपल्याच ना? तिची नंबरप्लेट हिला लाव, संध्याकाळी काढून टाक.’ पाना-पकड घेऊन थोडी खटपट केली जाते आणि गाडी रस्त्याला लागते. कोणाचे काही चोरले नाही, कोणाला लुबाडले नाही, असे समाधान घरात नांदते.

हे समाधान खरे नाही. चोरी झालेली असते, फक्त ज्याचे चोरले त्याला अद्याप त्याचा पत्ता नसतो.

कायदा काय म्हणतो?

वाहनाचा नोंदणी क्रमांक मालकाला मिळत नाही, तो त्या विशिष्ट वाहनाला मिळतो. हँडलच्या मानेपाशी चौकटीवर कोरलेला चॅसिस क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक या दोहोंशी त्याची शासकीय नोंदवहीत गाठ मारलेली असते. नोंदणी प्रमाणपत्र व विम्याची पॉलिसी याच गाठीवर उभी असते. म्हणून पाटी हलवली की एक नव्हे, दोन गाड्या खोट्या होतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी झालेली नसताना, किंवा तो क्रमांक विहित रीतीने लावलेला नसताना, कोणतेही वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. चालवणारा जसा दोषी, तसा चालवू देणारा मालकही दोषी. कलम १९२ प्रमाणे पहिल्या अपराधाला २ हजार ते ५ हजार रुपये दंड आहे. पुन्हा तेच घडले तर एक वर्षापर्यंत कारावास, किंवा ५ हजार ते १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कलम २०७ खाली वाहन ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना आहेच. हेतू फसवणुकीचा दिसला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील फसवणूक आणि बनावटीकरणाची कलमेही दारात येऊन उभी राहू शकतात. पारपत्राच्या किंवा नोकरीच्या पोलीस पडताळणीत अशी नोंद पुढे आली, तर ‘आम्ही फक्त एक दिवसासाठी पाटी बदलली होती’ या खुलाशाला किती वजन राहील, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा.

तथापि दंड आणि कारावास हा या विषयाचा गाभा नव्हे. दंडाच्या भीतीने पाळलेला नियम पोलिसाची पाठ फिरली की मोडतो. गाभा निराळाच आहे.

पाटी कोणासाठी असते?

वाहनाचा क्रमांक चालकाला दिसत नाही. तो मागे आणि पुढे, परक्या माणसाच्या नजरेसमोर लावलेला असतो. मालकाला आपली गाडी क्रमांकाविनाही ओळखू येते. क्रमांक हवा असतो तो रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धाला, शाळेतून परतणाऱ्या मुलाला आणि त्यांच्या मदतीला धावणाऱ्या वाटसरूला. समाजातील अनोळखी माणसाला दिलेले ते एक लेखी वचन आहे : ‘माझ्या हातून तुमचे काही बरेवाईट झाले, तर मी या खुणेने सापडेन.’ पाटी बदलणारा हे वचन गुपचूप मागे घेत असतो.

वर वर्णिलेल्या घरातला धाकटा चालला आहे आणि वळणावर एका पादचाऱ्याला त्याची धडक बसली, असे समजा. तो घाबरून निघून गेला, तर पाहणाऱ्याने टिपून ठेवलेला क्रमांक गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीचा निघतो. तपासाचा पहिला धागाच तुटतो. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर केंद्र सरकारच्या २०२२ च्या योजनेनुसार मृताच्या कुटुंबाला मिळतात २ लाख रुपये आणि गंभीर जखमीला ५० हजार. तेच वाहन ओळखले गेले आणि त्याचा विमा असला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरवते. घरातला कमावता माणूस गेला असेल, तर या दोन रकमांमधील अंतर म्हणजे त्याच्या मुलांचे शिक्षण असते. एका खोट्या पाटीने ते हिरावले जाऊ शकते.

धाकटा सज्जनपणे थांबला, तरी प्रश्न सुटत नाही. पंचनाम्यात चॅसिस क्रमांक तपासला जातो आणि पाटीवरचा क्रमांक त्याच्याशी जुळत नाही. प्रत्यक्ष धडकलेल्या गाडीचा विमा संपलेला आहे. कलम १४६ ने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला तो याच प्रसंगासाठी. दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीवर ही भरपाई मागता येत नाही. मग न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम मालकाच्या खिशातून, प्रसंगी राहते घर विकून द्यावी लागते. विम्याच्या हप्त्याचे चार पैसे वाचवायला गेलेले कुटुंब पिढीची पुंजी गमावून बसते.

सुरक्षेचा धागा

या प्रश्नाला राष्ट्रीय सुरक्षेचीही बाजू आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबई बॉम्बस्फोटांनी हादरली. त्या तपासाला दिशा मिळाली ती वरळीत बेवारस सापडलेल्या, शस्त्रे असलेल्या एका मारुती व्हॅनमुळे. तिच्या नोंदणीचा माग काढत पोलीस माहीमच्या अल हुसैनी इमारतीतील मेमन कुटुंबाच्या घरी पोहोचले. एका खऱ्या क्रमांकाने केवढे कारस्थान उघडे पाडले, याचे हे उदाहरण. याउलट फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईतच एका उद्योगपतीच्या निवासस्थानाजवळ जिलेटिनच्या कांड्यांसह गाडी सापडली, तिच्यावर दुसऱ्याच वाहनाचा क्रमांक होता. पुढच्याच महिन्यात मिठी नदीच्या पात्रातून तपास यंत्रणेने नंबरप्लेट बाहेर काढल्या. ज्याला काही लपवायचे असते तो प्रथम क्रमांकाला हात घालतो. सोनसाखळी चोराची रीतही तीच. सज्जन घरातली माणसे जेव्हा सोयीसाठी हेच करू लागतात, तेव्हा खोट्या पाट्यांची गर्दी वाढते आणि त्या गर्दीत खरा गुन्हेगार निर्धास्तपणे मिसळून जातो.

शासनाने या रोगावर औषध शोधलेले आहे. अॅल्युमिनियमच्या उच्च सुरक्षा पाटीवर अशोकचक्राचे होलोग्राम व लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो आणि ती एकदाच बसणाऱ्या कुलुपाने जखडलेली असते. काढायला गेले की कुलूप मोडते. २००१ मध्ये नियम झाला, परंतु नव्या वाहनांना ही पाटी देशभर सक्तीची व्हायला १ एप्रिल २०१९ उजाडले. महाराष्ट्रात जुन्या वाहनांसाठीची मुदत तर २०२५ या एका वर्षात पुनःपुन्हा वाढवावी लागली. दुचाकीसाठी करासह साडेपाचशे रुपयांच्या आत होणारे हे काम. त्यासाठी इतकी वर्षे लागावीत, यात शासनाची ढिलाई आहे तशी नागरिकांची चालढकलही आहे. ‘४१४१’ चे ‘दादा’ करून मिरवणाऱ्या पाट्या ज्या रस्त्यांवर उघड धावतात, तेथे सामान्य माणसालाच नियम का, असा प्रश्न विचारला जातो. तो प्रश्न रास्त आहे. मात्र दुसऱ्याच्या बेशिस्तीतून स्वतःच्या बेशिस्तीला परवाना मिळत नाही.

ज्या घरातून कार्यकर्ते घडतात, ज्या घरातली मोटारसायकल कधी रक्तदान शिबिराला तर कधी शेजाऱ्याच्या आजारपणाला धावते, त्या घराने तरी हा मोह टाळला पाहिजे. उपाय अवघड नाहीत. विमा संपला असेल तर तो आधी उतरवावा, मग किल्ली हातात घ्यावी. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी परिवहन कार्यालयात नूतन करून घ्यावी. पाटी मोडली किंवा हरवली तर रीतसर नवी मागवावी. वडिलांच्या गाडीच्या क्रमांकात जीव गुंतला असेल, तर त्याची पाटी घरात जपून ठेवावी, दुसऱ्या गाडीवर चढवू नये. आणि यांतले काहीच वेळेत जमले नाही, तर त्या दिवशी एसटीने जावे.

सीमेवर उभे राहण्याची संधी सर्वांना मिळत नाही. परंतु रस्त्यावर भेटणाऱ्या अनोळखी देशबांधवाशी खरे वागण्याची संधी रोज सकाळी घराच्या दारातच उभी असते. गाडी बाहेर काढण्यापूर्वी तिच्या पाटीकडे एकदा त्या अनोळखी माणसाच्या नजरेने पाहावे. तो त्या आकड्यांवर विश्वास ठेवून रस्ता ओलांडणार आहे.