नटानें मत बोलूं नये काय?

आमच्या सुशिक्षित समाजांत कांहीं वाक्यें इतकीं रूढ झालीं आहेत कीं, तीं प्रथम कोणीं उच्चारलीं आणि कशासाठीं उच्चारलीं, याचा विचार कोणी करीत नाहीं. ‘नटानें नटाचें काम करावें, जगाला शहाणपण शिकवूं नये,’ हें त्यांपैकींच एक. दिवाणखान्यांत चहाचे पेले फिरूं लागले आणि डॉ. श्रीराम लागू यांचें नांव निघालें, कीं हें वाक्य हटकून ऐकूं येतें. ‘काय नट होता! पण देवाधर्माच्या भानगडींत कशाला पडला कोण जाणे!’ बोलणारा गृहस्थ सज्जन असतो, रसिक असतो. त्यानें रांगेंत उभें राहून तिकीट काढून ‘नटसम्राट’ पाहिलेलें असतें. तरीहि त्याच्या या ‘पण’शीं आमचें भांडण आहे, आणि तें आज आम्ही मोकळेपणानें मांडणार आहों.

आरंभींच एक गोष्ट सांगून टाकतों, म्हणजे गैरसमज नको. ईश्वराविषयींच्या डॉ. लागूंच्या मतांशीं आम्ही सहमत नाहीं. आमच्या घरीं भाद्रपदांत गणपति बसतो, आणि तो केवळ लोकलज्जेस्तव बसत नाहीं. ‘देवाला रिटायर करा’ हा त्यांचा लेख वाचला तेव्हां त्यांतील युक्तिवादापेक्षां मथळ्याचीच धार आम्हांस अधिक बोंचली, आणि ती तशी नसती तर चाललें असतें, असें आम्हांस अजूनहि वाटतें. परंतु एखाद्याचें मत चुकलें असें म्हणणें निराळें, आणि तें बोलण्याचा अधिकारच त्याला नाहीं असें म्हणणें निराळें. पहिल्यानें वाद वाढतो. दुसऱ्यानें तोंड बंद होतें. आमचे रसिक मित्र पहिल्याचा आव आणून दुसरें करतात, हें आमचें गाऱ्हाणें आहे.

ज्या माणसाविषयीं हें बोललें जातें त्याचा जीवनक्रम थोडक्यांत आठवूं या. १६ नोव्हेंबर १९२७ रोजीं सातारा येथें जन्म. पुण्यास वैद्यकाचें शिक्षण. कान, नाक व घसा या विषयांतील शस्त्रवैद्याचा व्यवसाय. पुढें आफ्रिकेंतील टांझानियांतहि कांहीं काळ वैद्यकी. पुण्यास भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्यें त्यांनीं हौसेनें नाटकें केलीं, व वसंत कानेटकरांच्या ‘वेड्याचं घर उन्हात’मध्यें लोकांच्या नजरेंत भरतील असें काम केलें. चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ सालीं, त्यांनीं वैद्यकीचा पाटा-वरवंटा बाजूस ठेवून नाटक हाच व्यवसाय पत्करला. १९७० च्या डिसेंबरांत वि. वा. शिरवाडकरांचें ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलें आणि अप्पा बेलवलकर महाराष्ट्राच्या घरोघर जाऊन पोहोंचले. त्यानंतर व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’, जब्बार पटेलांचे ‘सामना’ आणि ‘सिंहासन’, हिंदींत ‘घरौंदा’, ॲटनबरोंच्या ‘गांधी’ चित्रपटांत गोपाळ कृष्ण गोखल्यांची भूमिका, मृणाल सेनांचा ‘एक दिन अचानक’. हिंदी पडद्यावर त्यांनीं केलेल्या कामांची संख्या मोठी आहे, व त्यांतील पुष्कळशीं त्यांच्या योग्यतेचीं नव्हतीं, हेंहि आम्ही लपवीत नाहीं. १७ डिसेंबर २०१९ रोजीं पुण्यास ते निवर्तले. मागाहून जे मृत्युलेख आले त्यांतील बऱ्याच लेखांत बेलवलकरांना भरभरून अश्रू मिळाले, आणि लागूंच्या विचारांना वृद्धाच्या लहरीसारखा एक कोपरा!

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, नटाची कीर्ति उसनी असते. शब्द नाटककाराचे, पोषाख कंपनीचा, प्रकाश पडद्याआडच्या माणसाचा. त्या तेजाच्या बळावर त्यानें ईश्वर आहे कीं नाहीं हें सांगावें, हा प्रेक्षकांवर अन्याय आहे. या आक्षेपांत तथ्य आहे. रंगभूमीवर राजा झालेल्या माणसाचा आवाज रस्त्यावरहि राजाचाच वाटतो, आणि भोळा मनुष्य त्या आवाजाला युक्तिवाद समजतो. परंतु हा आक्षेप इतका मोलाचा असेल, तर तो सर्वत्र सारखा कां लागू होत नाहीं? हाच उसना प्रकाश घेऊन नट केसांचें तेल विकतो, पानमसाला विकतो, घरें विकतो. निवडणुकीच्या व्यासपीठावर हात हालवितो. तेव्हां आमचे मित्र हरकत घेत नाहींत, उलट तें तेल घरीं आणतात! म्हणजे नटानें आपलें वजन वापरूं नये असें त्यांचें म्हणणें नाहीं. तें आम्हांस अडचणींत न टाकणाऱ्या कामासाठीं वापरावें, एवढेंच त्यांचें म्हणणें आहे.

शिवाय लागूंनीं तें वजन कसें वापरलें तेंहि पाहावें. डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर त्यांनीं गांवोगांव ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ केला. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका अशी कीं, देव मानणाऱ्याशीं आमचें वैर नाहीं. देवाच्या नांवावर होणाऱ्या फसवणुकीशीं व शोषणाशीं आहे. लागूंना हें पुरेसें वाटत नसे. ते थेट ईश्वराच्या कल्पनेलाच हात घालीत. हा मतभेद दोघांनीं झांकून ठेवला नाहीं. तो व्यासपीठावर आणून श्रोत्यांसमोर उलगडला. ज्याला आपल्या वलयाच्या जोरावर लोकांस भारावून टाकावयाचें असतें, तो स्वतःला खोडून काढणारा मनुष्य शेजारीं बसवून घेत नाहीं.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूनें येतो. नटाचीं मतें प्रेक्षकांस ठाऊक झालीं म्हणजे भूमिका मरते, असें म्हणतात. याला उत्तर देण्यास तत्त्वज्ञानाची गरज नाहीं, अनुभव पुरे. नाटकगृहांत बेलवलकरांसाठीं ज्यांनीं डोळे पुसले त्यांत एकादशी करणारे काय थोडे होते? परंतु आम्ही याहून पुढें जाऊन म्हणतों कीं, लागूंचे विचार त्यांच्या कलेच्या वाटेंत आले नाहींत. ती वाट त्या विचारांनींच आंखली. १९७० सालीं विजय तेंडुलकरांचें ‘गिधाडे’ त्यांनीं बसविलें. नाटकांतील एका प्रसंगीं स्त्रीच्या वस्त्रावर रक्ताचा लाल डाग दिसावयाचा होता. परीक्षण मंडळानें त्यावर हरकत घेतली. तेव्हां डाग निळा करण्यांत आला, आणि तो प्रेक्षकांनीं लाल समजावा अशी सूचना प्रयोगापूर्वीं देण्यांत आली. मंडळाचा हुकूम अक्षरशः पाळला गेला, आणि त्याचें हसेंहि झालें. मत नसलेल्या नटाला हें सुचलें असतें काय?

आणि त्यांनीं पुढें केलेल्या भूमिका पाहा. ‘हिमालयाची सावली’ मधील प्राध्यापक भानू हे महर्षि कर्व्यांवरून घेतलेले. विधवेशीं विवाह केला म्हणून ज्यांनीं समाजाचा बहिष्कार सोसला त्यांच्यावरून. गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ मध्यें एका प्राध्यापकाची त्याच्या राजकीय मतांबद्दल चौकशी चालते. ‘सामना’ मधील दारूनें खंगलेला मास्तर गांवच्या सत्ताधीशाला एका नाहींशा झालेल्या माणसाबद्दल पुन्हां पुन्हां विचारीत राहतो. प्रेमानंद गज्वींचें ‘किरवंत’ त्यांनीं रंगभूमीवर आणलें. मर्तिकाचे विधि करणाऱ्या ब्राह्मणाला त्याचीच जात कशी दूर ठेवते, हा त्याचा विषय. उतारवयांत, मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’ मध्यें, ते सॉक्रेटिस झाले. मतासाठीं छळलेल्या माणसांची ही रांग आम्हीं पैसे देऊन पाहिली. विषाचा पेला हातीं घेणाऱ्या म्हाताऱ्यासाठीं टाळ्या वाजविल्या, आणि बाहेर येऊन त्याच नटाला म्हणालों, ‘आपण आतां गप्प बसावें हें बरें!’ यांतील विसंगति आमच्या ध्यानांतहि येऊं नये, याला काय म्हणावें?

तिसरा आक्षेप खुद्द लागूंच्याच पुस्तकाच्या आधारानें घेतां येईल. आपल्या आत्मचरित्राला त्यांनीं ‘लमाण’ असें नांव दिलें. नट हा इकडचा माल तिकडे पोहोंचविणारा, असा त्यांतील विनय. मग मालवाहूला मत कशाला? परंतु तांड्याच्या नायकाला विचारा. कोणता माल पाठीवर घ्यावयाचा आणि कोणता वाटेंतच टाकून द्यावयाचा, हें ठरवावयास अक्कल लागते. नाटककाराचा शब्द प्रामाणिकपणें पोहोंचविणें हा नटाचा धर्म खराच. पण कोणाचा शब्द पोहोंचवावा ही निवड त्याचीच, आणि तीच त्याचें मत.

वास्तविक या सर्व आक्षेपांच्या मुळाशीं एक जुनी खोड आहे. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें तेव्हांपासून आम्ही नटाला दोनच जागा देत आलों: एक पंक्तीबाहेरची, दुसरी देव्हाऱ्यांतली. बालगंधर्वांना आम्हीं देव्हाऱ्यांत बसविलें. त्यांच्या साड्यांची व दागिन्यांची नक्कल आमच्या घरांत झाली. आणि उतारवयांत ते कर्जानें व आजारानें गांजले तेव्हां देव्हाऱ्याकडे पाहण्यास फारसें कोणास सवड झाली नाहीं. आपल्याशेजारीं बसणारा, आपल्याशीं हुज्जत घालणारा, आपल्याइतकाच नागरिक, ही तिसरी जागा नटाला द्यावयास आम्ही तयार नव्हतों. लागूंनीं ती मागितली नाहीं. तिच्यावर जाऊन बसले. निळू फुल्यांसारखे सहकारी बरोबर घेऊन त्यांनीं अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, आणि त्यांतून सामाजिक कृतज्ञता निधीसाठीं पैसा उभा केला, पूर्ण वेळ समाजकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांस दरमहा मानधन मिळावें म्हणून हा निधि. मत बोलणारा नट नुसतें बोलतो, असें म्हणणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

२० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं पुण्यांत डॉ. दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. लागूंसह ज्या व्यासपीठावर ते बसत, त्यावरची एक खुर्ची रिकामी झाली. त्या दिवसापासून ‘गप्प बसावें हें बरें’ या वाक्याचा अर्थ पूर्वींचा राहिला नाहीं. पूर्वीं तें दिवाणखान्यांतील गमतीचें वाक्य होतें. आतां तें उच्चारणाऱ्यानें आपण कोणाच्या सुरांत सूर मिळवीत आहों, हें पाहून बोलावें. आमच्या मित्रांच्या मनांत हिंसा नाहीं, हें आम्ही जाणतों. पण मत बोलणें ही आगळीक आहे, ही समजूत आधीं सज्जनांच्या घरांत रुजते. तिचीं फळें कोणीहि तोडून नेतो.

म्हणून वाचकांस आमची विनंति एवढीच. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांत आपलीं मुलें बेलवलकरांचीं स्वगतें म्हणतात, तीं त्यांनीं अवश्य म्हणावीं. परंतु तीं म्हणणाऱ्या मुलाच्या हातीं ‘लमाण’हि द्या. त्यानें वाचून विचारलें कीं, ‘बाबा, देव आहे कीं नाहीं?’ तर त्याला दटावूं नका, वाद घाला. आम्हीहि आमच्या घरीं, गणपतीच्या समोर बसूनच, तो वाद घालणार आहों. त्यांत डॉ. लागूंचा पक्ष हरावा अशी आमची इच्छा आहे. पण तो त्यांना बोलूं न देतां हरला, तर तो जय आम्हांस नको.