लग्नाची कॅसेट उतरवताना

लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी अजून कित्येकांच्या ट्रंकेत पडून आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे थांबवले. त्या धंद्यात तीच शेवटची उरली होती. तेव्हा चालू यंत्र मिळते तोवर कॅसेट उतरवून घ्या.

दुकानदार डीव्हीडी करून देईल. बघायला ती ठीक. पण गेलेल्या आजोबांचा दोन मिनिटांचा तुकडा वेगळा काढायचा असेल, तर डीव्ही फाईलच मागा. हिच्यात प्रत्येक चित्र स्वतंत्र असते, म्हणून हवे तिथे कापता येते. डीव्हीडीत बरीच चित्रे मागच्या-पुढच्यांवर टेकलेली असतात. जागा मात्र फार खाते, तासाला सुमारे १३ जीबी! कॅसेटला बुरशी असेल तर आधी साफ करवून घ्या, तशीच यंत्रात घालू देऊ नका.