शेवटचा मोरिओरी आणि राजगडाखालची कातकरवाडी

राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांची ओळख इतिहासप्रेमी तरुणांना या चार नावांनी होते. गुंजण मावळ कोणते, हिरडस मावळ कोणते, अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी कारीचे कान्होजी जेधे कोणत्या बाजूला उभे राहिले, हे त्यांना तोंडपाठ असते. वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णयही राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. किल्ल्यांच्या या मुलखात राहणाऱ्या कातकऱ्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी विचारत नाही. विचारलाच, तर तयार उत्तर मिळते: ते आदिम लोक, त्यांना कसला आला इतिहास?

एखाद्या समाजाला 'आदिम' ठरवले की पुढे काय काय होऊ शकते, याचे एक उदाहरण पॅसिफिक महासागरात आहे. न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे आठशे किलोमीटरवर चॅथम बेटे आहेत. तेथील मूळ रहिवासी मोरिओरी आपल्या भूमीला 'रेकोहू' म्हणतात.

मोरिओरी हे पॉलिनेशियन. हवाई, ताहिती, सामोआ, रापा नुई येथवर होड्यांतून पोहोचलेल्या दर्यावर्दी कुळाचीच ही एक शाखा. आजच्या बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यांचे पूर्वज न्यूझीलंडहून साधारण १५०० च्या सुमारास रेकोहूवर आले. तेथील थंडीत रताळ्यासारखी उष्ण प्रदेशातली पिके येईनात, तेव्हा त्यांनी शेती सोडली आणि सील, मासे, समुद्रपक्षी व कोपी वृक्षाची फळे यांवर जीवन उभे केले. मोठ्या होड्यांसाठी लाकूड नव्हते, म्हणून लव्हाळ्यासारख्या वनस्पतींचे दांडे बांधून, पाणी आरपार जाईल असे तराफे केले. नुनुकू नावाच्या पूर्वजाने मनुष्यवधाला बंदी घातली आणि ती शतकानुशतके पाळली गेली. हे सारे परिस्थितीशी केलेले शहाणे जुळवून घेणे होते. बाहेरच्यांनी त्याला अधोगती म्हटले.

१८३५ मध्ये न्यूझीलंडमधील ङाती मुतुंगा आणि ङाती तामा या माओरी टोळ्यांचे सुमारे नऊशे लोक एका युरोपीय जहाजातून बेटांवर उतरले. बंदुकांच्या युद्धांनी त्यांनाही आपल्या मूळ प्रदेशातून हुसकले होते, ही गोष्ट सांगताना वगळू नये. मोरिओरींची सभा ते आवापाटिकी येथे भरली. तरुणांचे म्हणणे होते, लढावे. वडीलधाऱ्यांनी नुनुकूचा नियम मोडू दिला नाही. सुमारे तीनशे लोक मारले गेले, उरलेले गुलाम झाले. सोळाशेच्या आसपास असलेली त्यांची संख्या १८६२ पर्यंत १०१ वर आली.

येथवरची गोष्ट अनेकांनी वाचलेली असते. त्यानंतरचे प्रकरण कागदांवर घडले, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे ते तेथे.

१८७० मध्ये जमीन न्यायालयासमोर बेटांच्या मालकीचा प्रश्न आला. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी यांच्यात वाइतांगीचा करार १८४० मध्ये झाला होता. त्या वर्षी जमीन ज्याच्या ताब्यात, त्याची मालकी, असा न्यायालयाचा दंडक होता. १८४० मध्ये मोरिओरी स्वतःच्याच भूमीवर गुलाम होते. साहजिकच ९७ टक्क्यांहून अधिक जमीन ङाती मुतुंगांच्या नावे झाली. आक्रमण आणखी पाच-सहा वर्षे लांबले असते, तर त्याच दंडकाने निकाल उलटा लागला असता!

पुढे पाठ्यपुस्तकांनी कळस केला. मोरिओरी हा माओरींहून वेगळा, काळा, आळशी वंश होता. तो आधी न्यूझीलंडभर पसरला होता आणि माओरींनी त्याला हाकलले, अशी कथा विसाव्या शतकात शाळांतून शिकवली गेली. १९२३ मध्ये हेन्री स्किनर या अभ्यासकाने मोरिओरी पॉलिनेशियनच असल्याचे सप्रमाण मांडले, तरी ती कथा टिकली. कारण ती गोऱ्या वसाहतवाल्यांच्या सोयीची होती: माओरींनी दुसऱ्यांना हुसकले, मग आम्ही माओरींना हुसकले तर बिघडले कोठे? त्याच वृत्तीतून १८८५ मध्ये एडवर्ड ट्रेगिअर याने माओरी हे आर्यवंशी असून त्यांची भाषा संस्कृतशी नाते सांगते, असे पुस्तक लिहिले होते. भारतातल्या काही मंडळींना असले दावे आजही गोड वाटतात. भाषाशास्त्र मात्र पॉलिनेशियनांचा माग तैवानपर्यंत नेते, गंगेपर्यंत नाही.

१९३३ मध्ये टॉमी सॉलोमन वारले आणि 'शेवटचा मोरिओरी गेला' असे जाहीर झाले. त्यांची मुलेबाळे तेव्हा हयात होती.

आता सह्याद्रीकडे. तुलना बेतानेच करावी; मावळात रेकोहूसारखे हत्याकांड झालेले नाही. साम्य आहे ते कागदाच्या करणीत.

कातकऱ्यांची मुख्य वस्ती कोकणात, रायगड आणि ठाण्याकडे. घाटमाथ्यावर मावळ, मुळशी, वेल्हे, भोर या भागांत त्यांच्या वाड्या आहेत. नावातच त्यांचा धंदा आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यांत उकळायचे, अर्क आटवायचा, थिजवायचा आणि काताच्या वड्या पाडायच्या. विड्याला रंग चढवणारा हा कात बाजारपेठेत जाई. कोणते झाड तोडावे, किती उकळावे, आच केव्हा कमी करावी हे जाणणारा समाज हा एका उद्योगाचा कारागीर समाज होता. त्याला नुसता 'कंदमुळे खाणारा' म्हणणे ही इतिहासाची हेळसांड आहे.

१८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली. खैर तोडणे आणि डोंगरउतारावरची दळीची शेती दोन्ही आवळली गेली. कारागिराचा कच्चा माल सरकारी झाला. मग कोळसा पाडणे आणि पुढे वीटभट्टी आली. कात पाडणे जवळजवळ सुटले, नाव तेवढे राहिले. म्हणजे आज जी अवस्था 'आदिम' म्हणून दाखवली जाते, तिचा मोठा भाग दीडशे वर्षांतला आहे. केंद्र सरकारने २००६ मध्ये आपल्या यादीतला 'आदिम' या अर्थाचा इंग्रजी शब्द बदलून 'विशेष असुरक्षित जमाती' असा प्रयोग स्वीकारला. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती त्या यादीत आहेत. मराठी बोलण्यात-लिहिण्यात मात्र 'आदिम' अजून ठाण मांडून आहे.

मावळच्या साधनांत कातकरी का भेटत नाही, याचेही कारण आहे. महजर, करीने, शकावल्या हे वतनाचे कागद. ज्याचे वतन, त्याचा वाद. ज्याचा वाद, त्याचा उल्लेख. वतन नसलेला माणूस त्यांत सहसा येत नाही, आणि म्हणून तो नव्हताच असे मानणे हा साधनांचा सर्वांत भोळा वापर होय. मोरिओरींबाबत न्यूझीलंडच्या शाळांनी तेच केले. तेथील लोकांजवळ स्वतःची नोंद होती: १८६२ मध्ये त्यांच्या वडीलधाऱ्यांनी १८३५ च्या आपल्या माणसांची नावनिशीवार यादी करून गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांना पाठवली होती. आज ती यादी इतिहासाचे अव्वल साधन आहे. २०२० मध्ये न्यूझीलंड सरकार आणि मोरिओरी यांच्यात करार झाला. जमीन न्यायालयाने केलेला अन्याय आणि 'नामशेष' असल्याची कथा पसरवण्यातला सरकारचा वाटा त्यात मान्य झाला. दीडशे वर्षे लागली.

भारतातही एक तारीख ठरलेली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क मान्य होतो. याच डोंगरांतला गवळी धनगर अनुसूचित जमातीत नाही, म्हणून त्याला तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. १८४० च्या दंडकापेक्षा हा कायदा फारच उदार आहे, कारण त्याच्या नियमांत पुराव्याची यादी लांब आहे: सरकारी कागद तर चालतातच, पण विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांच्या खुणा आणि दावेदाराखेरीज इतर वृद्धांचे लिहून घेतलेले जबाबही चालतात. वीरगळ आणि शिलालेख टिपत फिरणाऱ्या तरुणाला हे काम अनोळखी नाही. अडचण वेळेची आहे. दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबे भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वृद्ध घरी भेटतात ते पावसाळ्यात, राजगड-तोरण्यावर गर्दी असते त्याच महिन्यांत.