पठ्ठा कोणाचा?

पाणीगेटजवळच्या एका शाळेत मी बरीच वर्षे मुलांना खेळ शिकविला. आता निवृत्त आहे. पण ओळख राहिली आहे. परवा संध्याकाळी एक गृहस्थ मुलाला घेऊन घरी आले. मुलगा नववीत, माझ्याच जुन्या शाळेतला. चेंडू झकास टाकतो. गावातली एक मोठी शाळा त्याला फी माफ करून, बूट देऊन आपल्याकडे बोलावते आहे. "सर, दाखला काढू का नको?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न ऐकून मला माझीच एक जुनी चूक आठवली. वीसएक वर्षांपूर्वी असाच एक गुणी मुलगा शाळा सोडायला निघाला होता. मुख्याध्यापकांनी माझे मत विचारले, आणि मी त्याचा अर्ज पंधरा दिवस खणात ठेवला. तेवढ्यात तिकडचा प्रवेश बंद झाला. मुलगा आमच्याकडेच राहिला; मात्र पुढे त्याचा खेळ सुटला. मी त्याला निष्ठा म्हणत होतो. खरे पाहता तो माझा स्वार्थ होता.

आणि बडोद्याने तरी निष्ठेच्या गोष्टी कशाला सांगाव्यात? विजय हजारे सांगलीचे. 1939-40 च्या रणजी हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्धच त्यांनी नाबाद 316 धावा केल्या. आणि पुढे थोड्याच काळात ते बडोद्याकडून खेळू लागले! 1947 साली होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी 577 धावांची भागी केली. गुल महंमद लाहोरचे. ज्या भागीचा आपण अजून अभिमान बाळगतो, तिचे दोन्ही शिल्पकार बाहेरून आलेले होते.

चांगला खेळाडू जातो तो पैशासाठीच, असे नाही. त्याला आपल्याहून सरस गडी समोर हवा असतो. रोज सहज जिंकणाऱ्या मुलाचा खेळ गंजतो. सचिन तेंडुलकर आचरेकर सरांच्या सल्ल्याने वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात गेला, आणि 1988 साली हॅरिस शील्डमध्ये विनोद कांबळीबरोबर त्याने 664 धावांची अभंग भागी रचली. शाळा बदलली नसती, तर समोरच्या टोकाला कांबळी कुठून असता?

तेव्हा जाणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. माझे भांडण आहे ते बोलावणाऱ्यांशी. चढाओढ मुलामुलांत असावी. तयार मुले गोळा करण्याची चढाओढ शाळाशाळांत लागली, की तिला खेळ म्हणू नये. दुसऱ्याच्या बागेतली कैरी तोडून आपल्या आढीत पिकवायची, आणि बक्षीस मात्र बागाईतदार म्हणून घ्यायचे! इकडे अकरांतला एक गेला म्हणजे दहा उरतात, असेही नाही. त्याच्या भरवशावर मैदानावर येणारी पोरे हळूहळू येईनाशी होतात.

यावर उपाय कुस्तीच्या फडातच आहे. तिथे पैलवानाचे नाव पुकारताना तालमीचे आणि वस्तादाचे नावही पुकारतात: अमक्याचा पठ्ठा! आपल्याच दांडिया बाजारात प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा आहे. माणिकरावांची कीर्ती देशभर झाली. तरी आखाड्यावर नाव आहे ते त्यांच्या गुरूंचे, जुम्मादादा व्यायाम मंदिर. शाळांच्या सामन्यांतही खेळाडूच्या नावापुढे त्याची पहिली शाळा लिहावी. त्याला पैसा लागत नाही. मग ढाल कोणी जिंकली याबरोबर मुले कोणी घडविली हेही दिसेल, आणि लहान शाळेतल्या शिक्षकाला अर्ज खणात ठेवण्याचा मोह होणार नाही.

त्या गृहस्थांना मी सांगितले, "दाखला काढा. उद्याच काढा." मुलाला एकच अट घातली: रविवारी सकाळी जुन्या मैदानावर येऊन धाकट्यांना तासभर चेंडू टाकायचा. वडील नुसते हसले. मुलगा मात्र म्हणाला, "सर, किती वाजता येऊ?"