सुईचा दिलासा, व्यायामाचा इलाज
जुनाट मानदुखीवर फिजिओथेरपिस्ट हल्ली ‘ड्राय नीडलिंग’ सुचवतात. यात औषध नसते. स्नायूतील दुखऱ्या गाठीत बारीक सुई टोचतात. चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये या कोरड्या सुईचा वेदनाशामक परिणाम मांडला. पुढील अभ्यासांत काही आठवडे आराम दिसतो; दीर्घकाळ टिकणाऱ्या फायद्याचा पुरावा मात्र तोकडा आहे. म्हणूनच या उसंतीत मानेचे व्यायाम सुरू व्हायला हवेत. नुसत्या सुयांचे ‘पॅकेज’ विकणे ही रुग्णाची फसगतच. शिवाय फुप्फुसाचे टोक खांद्याजवळ असते. चुकीच्या जागी खोल गेलेली सुई त्याला छिद्र पाडू शकते. तेव्हा सुई टोचणाऱ्याचे प्रशिक्षण रुग्णाने निःसंकोच विचारावे. नंतर धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तडक रुग्णालय गाठावे.